गोड्या पाण्याचा शेजार

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. पावसाने चार दिवस उसंत घेतली नव्हती. वाळत घातलेले कपडे कुबट वास मारत होते आणि बिस्किटं डब्यातसुद्धा सादळली होती. मावशी हॉलमधल्या शेल्फवर फडकं मारता मारता थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या या दगडाला पाणी सुटलंय बघा. पुस्तकं भिजली की." मी लॅपटॉप सोडून उठले. दोन मुठींएवढा तो खडा, राखाडी-पांढरा, मधूनमधून काळपट पट्टे असलेला, घामेजल्यासारखा दिसत होता. त्याच्याखाली छोटंसं थारोळं झालं होतं आणि शेजारच्या पुस्तकाचं पुठ्ठ्याचं कव्हर कोपऱ्यातून वर वळलं होतं. "दगड नाही मावशी, मीठ आहे ते," मी म्हटलं. त्यांनी बोट टेकवून जिभेला लावलं. "अगंबाई, खरंच की! कुठलं हो?" मी उत्तर जुळवत होते. रोमानियाचं म्हणावं, तर ज्या घरातून ते आलं तिथे रोमानियन कुणी बोलत नाही. हंगेरीचं म्हणावं, तर हंगेरीची हद्द तिथून शेकडो किलोमीटरवर. शेवटी म्हटलं, "लांबचं आहे." मावशींनी तो खडा फडक्यात गुंडाळून उचलला आणि सहज बोलून गेल्या, "विरघळला तर विरघळला. पुढच्या खेपेला नवीन आणाल."

नवीन आता कुठून आणणार?

हे मी बोलले नाही, कारण आतल्या खोलीत आई होती. मे महिन्यापासून मी ही बातमी तिच्यापासून लपवून ठेवली होती. हा खडा ज्या खाणीतला, ती खाण पाण्याने भरली होती. कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या पातळीपर्यंत असं नव्हे, काठोकाठ.

गावाचं नाव परायद. कागदोपत्री, रोमानियन भाषेत, प्राइद. ट्रान्सिल्वेनियाच्या पूर्वेला, कार्पेथियन डोंगरांच्या कुशीत, सहा हजारांच्या वर वस्तीचं हे गाव, म्हणजे आजूबाजूच्या पाच वाड्या धरून. दहातली नऊ माणसं हंगेरियन बोलतात आणि स्वतःला सेकेय म्हणवतात. या सगळ्या भागाचं नावच शोविदेक. 'शो' म्हणजे मीठ, 'विदेक' म्हणजे मुलूख. शेजारच्या दोन वाड्यांची नावं खालची शोफाल्वा आणि वरची शोफाल्वा, म्हणजे सरळसरळ खालचं मीठगाव आणि वरचं मीठगाव. गावात शिरताना पाटीवर तीन ओळी: रोमानियन, हंगेरियन, आणि तिसरी काटक्या मांडल्यासारख्या अक्षरांची, उजवीकडून डावीकडे वाचायची जुनी सेकेय लिपी. रोजच्या व्यवहारात ती कुणी वापरत नाही. तरी पाटीवर ती हवीच. आपल्याकडे घराच्या दारावर मोडीत नाव कोरून घेणारी हौशी माणसं असतात, पण तिथे ही हौस नाही, हट्ट आहे. हे मला नंतर कळलं.

रोमानियातल्या क्लुज शहरात मी नोकरीसाठी दोन वर्षं होते. 2023 च्या ऑक्टोबरात आई आली होती. तिला जुना दमा. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, आईंना परायदला घेऊन जा, आमच्याकडे दम्याची मुलं तिथेच नेतात. साडेतीन-चार तासांचा रस्ता. तुर्गु मुरेश मागे पडलं की डोंगर जवळ येतात, मग सोवाता आणि त्याच्या पुढे परायद. रस्त्याकडेला मधाच्या बरण्या, शेजारच्या कोरोंद गावची निळी-पांढरी मडकी, आणि लाकडी दांड्याला पीठ गुंडाळून निखाऱ्यावर फिरवत भाजलेला, साखर जळल्याच्या खमंग वासाचा क्युर्तोशकलाच. घरांची फाटकं अशी की आत हवेली असावी. उंच, ओकच्या लाकडाची, कोरीव, वर कबुतरांसाठी खुराड्यांची रांग. फाटक उघडलं की आत मात्र चार खोल्यांचं साधंसं घर, कोंबड्या आणि कोबी.

आम्ही उतरलो त्या घराची मालकीण सत्तरीची होती. तिला सगळे नेनी म्हणत. नेनी म्हणजे मावशी, काकू, आजी, वयाने मोठी कुठलीही बाई. मला ती पहिल्या दिवसापासून 'लान्योम' म्हणायची, माझी लेक. तिला इंग्रजीचा गंध नाही, मला हंगेरियनचा. माझं मोडकं रोमानियन तिला समजत होतं, पण ऐकलं की ती किंचित तोंड वाकडं करायची. म्हणून मग फोनवरचा अनुवादक. आईला त्याचीही गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर दोघी मागच्या पडवीत कोबीच्या पिंपाशी उभ्या होत्या. नेनी किटलीतून पाणी ओतत होती. गावातल्या खाऱ्या विहिरीचं पाणी. तिथली माणसं मीठ विकत आणून पाण्यात कालवत नाहीत, जमिनीतून आयतं मिठवणी येतं तेच कोबीवर घालतात, डुकराच्या चरबीच्या लाद्याही त्यातच मुरवतात. आईने बोट बुडवून चाटलं, डोळे बारीक केले आणि मराठीत म्हणाली, "यात कैऱ्या टाकल्या ना, वर्षभर कडक राहतील." नेनीने काय समजायचं ते समजून मान डोलावली.

आईचं माहेर उरणकडचं. आजोबांचं मिठागर होतं, म्हणजे खंडाने घेतलेलं. माझ्या आठवणीत त्याची शेवटची दोन-तीन वर्षं आहेत: बांधावरून अनवाणी चालताना तळव्यांना बसणारे चटके, उघाडीतून भरतीचं पाणी आत घेतल्यावर येणारा चिखलाचा वास, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाता जाता दाट होत जाणारं गुलाबट पाणी, आणि एप्रिलच्या उन्हात डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या राशी. आजोबांना समुद्राची भीती नव्हती. भरती किती चढेल हे त्यांना तिथीवरून कळायचं. त्यांना धाक होता तो मे महिन्यातल्या अवकाळी पावसाचा. एका वर्षी रात्री वीज कडाडली तशी सगळी माणसं पेंढा आणि ताडपत्र्या घेऊन अंधारात धावली होती. सकाळी आजोबा बांधावर बसून होते. राशींना खालून भगदाडं पडली होती, उंदरांनी कुरतडावी तशी. ते एवढंच म्हणाले, "गोड्या पाण्याने घात केला." मला तेव्हा हसू आलं होतं. गोडं पाणी कुणाचा घात कशाला करेल?

आजी दिवेलागणीनंतर मिठाला मीठ म्हणायची नाही. "जरा गोड दे गं," म्हणायची. लहानपणी ते गमतीचं वाटे. पुढे कधीतरी वाचलं की मुळात 'मीठ' हा शब्दच 'मिष्ट' वरून आला, म्हणजे गोडावरून. खारट वस्तूला आपण दिवसाढवळ्या गोड म्हणतो, शब्द झिजून ते विसरतो, आणि रात्री अपशकुन नको म्हणून पुन्हा गोड म्हणतो!

खाणीकडे जायला बस होती. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून सव्वा-दीड किलोमीटर, डिझेलच्या वासात, बाहेरचा उजेड मागे मागे जात बंद होईपर्यंत. फाटकावर खाणकामगारांचं जुनं अभिवादन, 'यो सेरेंचेत'. शुभ होवो, नशीब साथ देवो, असं काहीसं. मग पायऱ्या, आणि एकदम समोर तो दिवाणखाना. दुसरा शब्द मला सुचत नाही. चार-पाच मजली इमारत आत मावेल अशी दालनं, एकातून दुसरं उघडणारी. भिंती, छत, जमीन सगळं मीठ. भिंतींवर ओहोटीच्या वाळूत उठतात तशा रेघा, पांढऱ्या, करड्या, काळ्या, कुठे सरळ तर कुठे घडी घातलेल्या. 1 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो आटला, त्यावर मातीचे थर चढले, आणि आजूबाजूच्या दगडापेक्षा हलकं असलेलं मीठ त्या ओझ्याखालून हळूहळू वर सरकत राहिलं. आज गावाशेजारी ते टेकडी होऊन जमिनीबाहेर डोकं काढतं आणि खाली अडीच किलोमीटरच्याही पलीकडे खोल जातं. माणसाने त्यातला जो टवका काढला त्यात आम्ही उभे होतो, जमिनीखाली 120 मीटर. हवा गार, कोरडी, पंधरा-सोळा अंश, उन्हाळा-हिवाळा तीच. ओठांवरून जीभ फिरवली की खारट.

आणि त्या खोलात भरलेली होती जत्रा. झोके, घसरगुंड्या, दोरावरून लटकत जायचे खेळ, टेबल टेनिसची टेबलं, कॉफीचं दुकान, पडद्यावर सिनेमा, वाइनचं छोटं संग्रहालय, आणि एका बाजूला सगळ्या पंथांचं मिळून एक प्रार्थनाघर. शेकडो माणसं. लहान मुलांच्या किंकाळ्या मिठाच्या भिंतींवर आपटून परत येत होत्या. मी खरं सांगते, तासाभरात कंटाळले. फोटो काढून झाले, सगळेच चाटतात म्हणून मीही भिंत चाटून घेतली, मग काय? मला खाण बघायची होती आणि मिळाला होता मॉल. कपाळाला आठ्या घालून मी आईला म्हटलं, चल, वर जाऊ, बाहेर ऊन पडलंय. आई जागची हलली नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली माणसं तिथे रोज चार-चार तास बसायची, दोन-अडीच आठवडे. सतरंज्या, थर्मास, विणकाम, पत्ते घेऊन यायची. अशाच एका टोळक्यात आई जाऊन बसली होती, नऊवारीवर माझा जाड कोट चढवून. एक बाई तिला विणायचा टाका दाखवत होती. आईने भिंतीचा पडलेला चुरा उचलून तोंडात टाकला, मिठागरवाल्याच्या लेकीने टाकावा तसा, जिभेवर फिरवून, परीक्षा घेत. "आपल्यापेक्षा गोड आहे गं हे," ती म्हणाली.

यात तथ्य आहे. समुद्राच्या मिठात मागे एक कडवटपणा राहतो, मॅग्नेशियमच्या क्षारांचा. आजोबा मीठ ओढून झाल्यावर वाफ्यातलं उरलेलं कडू पाणी काढून टाकायचे ते त्याचसाठी. परायदच्या मिठाला तो कडवटपणा जवळजवळ नाही.

पाच दिवस राहिलो. आई रोज खाली जायची, मी खिडकीशी लॅपटॉप उघडून बसायचे. खिडकीखालून ओढा वाहायचा. कोरोंदचा ओढा, मडक्यांच्या गावाकडून येणारा. तो मिठाच्या टेकडीला कापतच पुढे जातो, घळीतून, दोन्ही बाजूंना उघड्या मिठाचे पांढरे कडे. दिसायला फार सुंदर, आणि जरा विचार केला तर अंगावर काटा आणणारं. वाहतं पाणी आणि मीठ इतके शेजारी शेजारी, आणि त्याच्या पोटात शाळेच्या सहलीतली पोरं झोके घेताहेत. एका संध्याकाळी मी नेनीला म्हटलं, रात्री ओढ्याच्या आवाजाने छान झोप लागते. अनुवादकाने ते सांगितल्यावर ती हसली नाही. हाताने खालचा ओढा दाखवून म्हणाली, "एदेशवीझ." फोनने लगेच पडद्यावर भाषांतर टाकलं: गोडं पाणी. मी चमकले. त्यांच्याही भाषेत गोडं! मग तिने जे सांगितलं ते फोनने जमेल तसं उलगडलं. खाणीला वाईट हाच शेजारी. खाणीत कुठून तरी झिरपतो, बुजवतात, पुन्हा दुसरीकडून झिरपतो. तिचा नवरा खाणीत होता. घरी आला की पहिली चौकशी ओढ्याची, आज किती आहे.

त्या रात्री मी तो शब्द शोधत बसले. हंगेरियनमध्ये 'एदेश' म्हणजे गोड. आणि जन्मदात्या आईला म्हणतात 'एदेशान्या', गोड आई. सख्खा भाऊ म्हणायचा तरी 'एदेश' लावायचं. म्हणजे त्यांच्या लेखी गोड म्हणजे सख्खं. सख्खं पाणी. आजोबांची आठवण झाली. सख्ख्याने घात केला, असा त्या वाक्याचा अर्थ तिथे होतो.

मिठावरून तिथल्या लोकांच्या जिवाला जे लागलंय ते जुनं आहे. सेकेय लोक सीमेची राखण करायचे, त्या बदल्यात त्यांना काही हक्क होते, त्यांतला एक आपल्या मुलखातलं मीठ वापरायचा. 1562 साली त्यांनी राजाविरुद्ध बंड केलं, ते मोडून निघालं, आणि मिठाच्या खाणी राजाच्या झाल्या. राजाने त्यांच्या उरावर दोन किल्ले उभारले. एकाचं नाव 'सेकेयने हल्ला केला', दुसऱ्याचं 'सेकेय पस्तावला'. अशी नावं ठेवणारा राजा मी दुसरा ऐकलेला नाही. पुढे ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या काळात, 1762 पासून, रीतसर जमिनीखाली खणणं सुरू झालं, आणि वर उघड्यावर पडलेल्या मिठावर, खाऱ्या झऱ्यांवर सशस्त्र पहारेकरी बसले. आपल्याच परसातलं मीठ रात्री चोरून आणायचं. शिरोड्याला 1930 च्या मे महिन्यात मूठभर मिठासाठी डोकी फुटली, त्याच्याशी हे किती जुळतं, असं मी नेनीला सांगायला गेले, पण फोनने 'सत्याग्रह' चं काय भाषांतर केलं कोण जाणे, ती म्हणाली, "हो, हो, चर्चमध्ये करतात." मी नाद सोडला.

मग 1920 आलं, सरहद्द सरकली आणि गाव न हलता हंगेरीतून रोमानियात गेलं. 1940 मध्ये परत हंगेरीत, चार वर्षांनी पुन्हा रोमानियात. या सगळ्यात जागचं हललं नाही ते मीठ. पाटीवरच्या त्या काटक्यांच्या लिपीचा हट्ट तेव्हा थोडा समजला.

निघायच्या दिवशी नेनीने गोठ्याकडे नेलं. गव्हाणीत मिठाचे ढेकूळ ठेवलेले, गाईंनी चाटून चाटून मधोमध खोलगट केलेले, गुळगुळीत, उखळासारखे. एकाला आरपार भोक पडायला आलं होतं आणि त्यातून उजेड यायचा, दुधी. तिने त्यातलं नको म्हणून कोपऱ्यातला कोरा खडा उचलला, पदराने, म्हणजे एप्रनने पुसला आणि आईच्या हातात दिला. आईने पिशवीतून हळदीकुंकवाचा करंडा काढून तिच्या कपाळाला बोट लावलं. मी मध्ये काहीच बोलले नाही. विमानतळावर तो खडा एक्स-रेत दिसला तेव्हा बॅग उघडायला लावली, आणि तिथल्या तरुण अधिकाऱ्याने तो हातात घेऊन, वास घेऊन, "परायद?" असं विचारून परत ठेवला.

दमा बरा झाला का? नाही. पाच दिवस पंप कमी लागला एवढं खरं. मिठामुळे की डोंगरातल्या हवेमुळे की चार तास निवांत बसायला मिळाल्यामुळे, देव जाणे. मी मात्र परत आल्यावर लोकांना सांगायचे, खाण म्हणजे नुसता बाजार केलाय, एकदा बघायला ठीक. नावडतीचं मीठ अळणी. पाच लाखांच्या घरात माणसं वर्षाला त्या बोगद्यातून आत जात होती. गावातल्या प्रत्येक दुसऱ्या फाटकावर 'खोली भाड्याने' ची पाटी होती, मध विकणारी बाई आणि क्युर्तोशकलाच भाजणारा पोरगा त्याच बसच्या प्रवाशांवर जगत होते. तो बाजारच त्यांचा गोफ होता, आणि त्याचा एकच दोर मिठात अडकवलेला.

2025 च्या मेच्या सुरुवातीला पहिली बातमी आली, पाणी झिरपतंय म्हणून खाण पर्यटकांना बंद. मग ओढ्याच्या तळाला प्लॅस्टिकचे पडदे अंथरल्याचे फोटो. लहान मुलाखाली रबरी कापड घालावं तसे ते ओढ्याखाली घातले होते. मेअखेरीला डोंगरात मुसळधार पाऊस झाला, ओढा फुगला, पडदे फाटले, आणि पाणी सरळ खाणीत घुसलं. पुढे तळच खचला. बर्फाळ, गढूळ, गोड्या पाण्याचा अख्खा ओढा मिठाच्या दिवाणखान्यात ओतत राहिला. काही दिवसांत सगळं भरलं. झोके, टेबलं, प्रार्थनाघर, आई बसायची तो कोपरा. जवळच्या घरांतल्या माणसांना बाहेर काढलं. एकही जीव गेला नाही, खाण आधीच रिकामी होती. पण खारावलेलं पाणी नदीत उतरलं, मासे मेले, आणि खाली दूरवरच्या तर्नावेनी शहरात नळाचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. माणसं टँकरपुढे रांगेत उभी राहिली. गोड्याने खाण बुडवली आणि खाणीने गोडं बुडवलं, अशी ती परतफेड.

पाणी मीठ किती खाईल याला एक मर्यादा असते. लिटरभर पाण्यात साधारण 350 ग्रॅमच्या वर मीठ विरघळत नाही. मग ते तृप्त होतं आणि शेजारच्या मिठाला हात लावत नाही. मिठागरावर वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. भीती असते ती पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताज्या पाण्याची. शेजारच्या सोवात्यात याचं एक उदाहरण आहे. तिथला अस्वलतलाव असाच झाला, 1875 च्या मे महिन्यात, जमीन खचून. तळाशी दाट खारं पाणी आणि वर गोड्या पाण्याचा पातळ थर. ऊन वरच्या थरातून आत जातं आणि खालच्या खाऱ्यात अडकून राहतं, त्यामुळे दीड-दोन मीटर खाली पाणी वर असतं त्यापेक्षा बरंच कोमट. वरचं गोडं पाणी गोधडीसारखं. माणसांनी पाय मारून ते ढवळू नये म्हणून दुपारी काही तास सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात. त्याच मुलखात, त्याच महिन्यात, बरोबर दीडशे वर्षांपूर्वी जमीन खचली आणि लोकांना गावाचं नशीब सापडलं. आम्ही गेलो तेव्हा ऑक्टोबर होता, तलावावर धुकं होतं, आणि आई काठावर बसून म्हणाली होती, "पाण्यावर पाणी पांघरलंय म्हणायचं."

बातमी वाचल्यावर मी नेनीच्या खोलीच्या बुकिंगचा जो नंबर होता त्यावर निरोप पाठवला. हंगेरियनमध्ये, अनुवादकातून, तीनदा तपासून. दोन दिवसांनी उत्तर आलं, बहुधा नातवाने लिहिलेलं. "घर आहे. पाहुणे नाहीत." बस. यावर काय लिहायचं? ज्या खाणीला मी बाजार म्हणत होते ती गेली म्हणून वाईट वाटतंय, असं? पैसे पाठवू का विचारावं, तर ते कुठल्या तोंडाने? दीड महिना तो निरोप तसाच राहिला. आईला काही सांगितलं नाही. ती दर महिन्याला म्हणते, पुढच्या वर्षी जाऊ परत, तिथे छाती मोकळी होते. माझ्या जिभेवर ते वाक्य यायचं नाही.

तर मावशी तो खडा फडक्यात धरून उभ्या होत्या, आणि आतून आईचा आवाज आला. "झाकून ठेवू नका हो त्याला. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको." ती चष्मा चढवत बाहेर आली, हातात फोन. "नेनीने सांगितलंय, उबेशी ठेवायचा. तिच्याकडे चुलीच्या फळीवर असतो."

"नेनीने? कधी?"

"काल विचारलं मी. फोटो पाठवला होता, हा रडायला लागलाय म्हणून."

मी तिचा फोन घेतला. 2023 च्या ऑक्टोबरपासूनचा संवाद होता, एकाही समान शब्दाशिवाय. आईचे सूर्योदय आणि गणपती, नेनीचे गुलाब आणि ईस्टरची रंगवलेली अंडी. कैरीच्या लोणच्याची बरणी. कोबीचं पिंप. आणि मेअखेरीला सात-आठ व्हिडिओ, हलत्या हाताने खिडकीतून काढलेले. तपकिरी पाणी, फाटून फडफडणारं प्लॅस्टिक, आवाज असा की फोनचा स्पीकर थरथरत होता. त्याखाली आईने काही लिहिलं नव्हतं. हात जोडल्याचं चित्रही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपल्या देवघराचा फोटो पाठवला होता, आणि त्यात नीट पाहिलं तर समईशेजारी हा खडा ठेवलेला होता.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं.

"तुला कामाचं टेन्शन असतं," आई म्हणाली. "आणि तुला ती जागा आवडली नव्हती."

आमच्याकडे चूल नाही. गॅसजवळ ठेवला तर फोडणीच्या वाफेने आणखी सुटेल. फ्रीजच्या मागे हात पोचत नाही. बरंच फिरून शेवटी आईने तो वायफायच्या राउटरवर ठेवला, कारण तो दिवसरात्र गरम असतो. मी म्हटलं, अगं, पाणी गळलं तर राउटर जाईल. खाली बशी ठेव, ती म्हणाली. स्टीलची बशी, त्यावर खडा. दोन दिवसांत तो कोरडा पडला आणि बशीत पांढरी पापुद्र्यासारखी साय धरली. काल रात्री जेवताना आमटी जरा अळणी लागली. मी उठणार तेवढ्यात आईने हात लांबवून बशीतली ती साय चिमटीत घेतली, आमटीत सोडली, बोट चाटलं आणि म्हणाली, "घे, गोड घातलंय."